सीपीयू फॅन एरर, घोंगावणारा पंखा आणि जुन्या केबल: दुकानातर्फे उत्तर

ताई, नमस्कार. तुमचा दोन स्टारचा रिव्ह्यू काल रात्री वाचला आणि सकाळी दुकान उघडल्याबरोबर तुमचं जॉबकार्ड काढलं. एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा) बदलून नेल्यापासून पीसी चालू करताना ‘सीपीयू फॅन एरर’ येतो, दर वेळी एफ वन दाबावं लागतं. मागचा पंखा सतत घोंगावतो. आणि जुन्या केबल चांगल्या असताना आम्ही त्या काढून टाकून बिल वाढवलं, असं तुम्ही लिहिलंय. पहिल्या दोन्हींत चूक आमचीच आहे, त्याबद्दल मनापासून माफी मागतो. केबलचं मात्र तसं नाही.

कॅबिनेट बंद करण्याआधी आम्ही आतला फोटो काढतो. तो मोठा करून पाहिला. धूळ साफ करायला आमच्या मुलाने प्रोसेसरवरचा पंखा सोडवला होता. परत लावताना त्याची वायर ‘सीपीयू फॅन’ लिहिलेल्या पिनांवर न बसवता ‘सिस्टीम फॅन’च्या पिनांवर बसवली. पंखा फिरतो, पण मदरबोर्ड, म्हणजे आतला मुख्य बोर्ड, त्याचे फेरे सीपीयूच्या पिनांवर मोजायला जातो. तिथे शून्य दिसलं की तो अडतो. डिलिव्हरीआधी मुलाने पीसी लावून पाहिला तेव्हाही एरर आलाच असणार, आणि तो एफ वन दाबून पुढे गेला. मला हे जास्त लागलं. त्याला समोर बसवून दाखवलंय.

मागच्या पंख्याची वायर तोकडी पडत होती म्हणून ती एसएमपीएसच्या मोलेक्स केबलला (चार पिनच्या जाड प्लगची केबल) कन्व्हर्टर लावून जोडली. तिथे सरळ १२ व्होल्ट मिळतात, मग मशीन गरम असो वा थंड, पंखा पूर्ण वेगानेच पळणार. रात्री डीटीपीचं काम करताना तो आवाज किती खुपत असेल, कळतं. एक्स्टेंशन वायर लावून तो बोर्डावर घेतो. पंखा तीन पिनचा आहे, त्यामुळे बायोसमध्ये (बोर्डाच्या सेटिंगमध्ये) त्या जागेला डीसी मोड, म्हणजे व्होल्ट कमी-जास्त करून वेग बदलणारा मोड, करावा लागेल. चार पिनच्या पंख्यांसाठीच्या पीडब्ल्यूएम मोडवर राहिला तर बोर्डाला जोडूनही तसाच ओरडेल.

आता केबल. तुमचा जुना एसएमपीएस मॉड्युलर होता, म्हणजे केबल दोन्ही टोकांनी सुटणाऱ्या. बोर्डाकडचं आणि डिस्ककडचं टोक सगळ्या कंपन्यांचं सारखं असतं. एसएमपीएसकडच्या टोकाला तसा नियम नाही, तिथे कुठल्या पिनेवर काय द्यायचं ते ज्याची ती कंपनी ठरवते. प्लग मात्र बरेचदा बेमालूम बसतो. तुमची जुनी साटा केबल (डिस्कला वीज देणारी) नव्या एसएमपीएसला लावून, डिस्क न जोडता, मी स्वतः मीटर लावला. लाल तारेवर ५ व्होल्ट यायला हवे होते, मीटरने १२ दाखवले. डिस्क जोडलेली असती तर स्विच दाबल्याक्षणी गेली असती, आणि तुमच्या सगळ्या फाइली तिच्यावरच आहेत.

सहा वर्षांपूर्वी आमच्याच दुकानात एकाची हार्ड डिस्क अशीच गेली. डिस्क आम्ही नवी दिली, पण तिच्यातले लग्नाचे फोटो देता आले नाहीत. तेव्हापासून एसएमपीएस बदलला की केबलही त्याच्याच बॉक्समधल्या, हा आमचा नियम आहे. त्यांचे वेगळे पैसे लावलेले नाहीत. बिलात जास्तीचे दिसतात ते ४०० रुपये सगळ्या केबल नव्याने ओढण्याच्या मजुरीचे आहेत. ते काम सुरू करण्याआधी तुम्हाला फोनवर विचारायला हवं होतं, विचारलं नाही. म्हणून ते ४०० परत करतो.

जुना एसएमपीएस आणि त्याच्या केबल तुमच्या नावाची चिठ्ठी लावून एका पिशवीत ठेवल्यात, घेऊन जा. फक्त त्या केबल दुसऱ्या कुठल्या एसएमपीएसला लावू नका.

शनिवारी मी दिवसभर दुकानात आहे. पीसी आणणं जमणार नसेल तर तसा फोन करा, मी घरी येऊन दोन्ही पंखे नीट जोडून देतो, अर्ध्या तासाचं काम आहे. त्याचे पैसे नाहीत. तोवर एफ वन दाबून काम करायला हरकत नाही, पण मध्येच मशीन अडखळायला लागलं किंवा आपोआप बंद झालं तर पुन्हा चालू करू नका, लगेच कळवा.