चांगल्या स्प्रिंगा काढून गाडी मागून बसवणे

मिरजेकडच्या रस्त्यावर उसाचा ट्रक मागून टेकलेला दिसला की लोक म्हणतात पाटा, म्हणजे एकावर एक पट्ट्यांची स्प्रिंग, गेला बिचाऱ्याचा, आणि इथे ह्यूस्टनमध्ये तसाच टेकलेला जुना पिकअप दिसला की सिग्नलला शेजारचा माणूस काच खाली करून अंगठा दाखवतो. कारण त्या मालकाने टेकण्यासाठी पैसे मोजलेले असतात. मलाही मोजायचेत, पण नक्की कशासाठी मोजायचे हेच ठरत नाहीये.

ट्रक 1971 ची शेव्हरोले सी-टेन आहे, आखूड हौद्याची, 115 इंच व्हीलबेसवाली. ही गाडी कंपनीतूनच मागून उंच येते, कारण हौद्यात माल भरला की ती सपाट व्हावी असा हिशोब. माझ्या हौद्यात वर्षभर माल म्हणजे बायकोच्या बागेची खताची चार पोती आणि एक स्टेपनी, त्यामुळे गाडी कायम पुढे वाकून रस्त्यावर काहीतरी शोधत असल्यासारखी उभी असते. ते बघून बघून डोकं फिरलं आणि मी ठरवलं की मागच्या स्प्रिंगा बदलायच्या.

बाबांना फोनवर सांगितलं. त्यांचं अख्खं आयुष्य एसटीच्या वर्कशॉपात गेलं.

"तुटल्या का रे?"

"नाही बाबा, चांगल्या आहेत."

"मग?"

"गाडी खाली घ्यायचीय."

पलीकडे बराच वेळ शांतता, मला वाटलं फोन कट झाला. मग म्हणाले, "अरे, चार पोती वाळू टाक मागे. बसेल की गाडी आपोआप."

त्यांना ते टोमणा म्हणून सुचलं होतं, पण गंमत म्हणजे या प्रकाराची सुरुवात खरंच तशीच झाली. कॅलिफोर्नियातली मेक्सिकन वंशाची पोरं दुसऱ्या महायुद्धाच्या आगेमागे गाडीच्या डिकीत वाळूची पोती टाकायची, नाहीतर स्प्रिंगा कापायची, म्हणजे गाडी जमिनीला घासत सावकाश जायची. ते इतकं वाढलं की 1958 पासून तिथे कायदाच आला, चाकाच्या रिमच्या खाली गाडीचा कुठलाही भाग नको. मग एका पठ्ठ्याने पुढच्याच वर्षी हायड्रॉलिक पंप बसवले, पोलीस दिसला की गाडी वर, पोलीस गेला की गाडी खाली. हे सगळं मी बाबांना सांगितलं तर म्हणाले, "आम्ही इकडे पाटे चढवून चढवून म्हातारे झालो," आणि फोन आईकडे दिला.

पाटे म्हटल्यावर एक सांगायलाच पाहिजे. माझ्या गाडीला मागे पाटे नाहीतच, गोल वेढ्यांच्या कॉइल स्प्रिंगा आहेत आणि अ‍ॅक्सलला चेसिसशी जोडणारे लांबलचक ट्रेलिंग आर्म. त्याच वर्षांची, जवळपास त्याच अंगाची जीएमसी घेतली तर तिला साधारणपणे पाटे, आणि 1973 पासून तर शेव्हरोलेनेही मागे पाटेच दिले. त्यामुळे सल्ला देणारा भेटला की आधी विचारायचं, भाऊ तुझी कुठली? कारण पाटेवाल्याचं सोपं असतं, ठोकळा घाला, पाटा लटकतो ती कडी (शॅकल) बदला, नाहीतर अ‍ॅक्सल पाट्याच्या वर नेऊन टाका. ते ऐकून माझ्या काहीच उपयोगाचं नसतं पण तो अर्धा तास सांगतो, आणि आपण ऐकतो कारण त्याने कॉफी पाजलेली असते.

कॅटलॉग उघडला की फक्त इंच दिसतात. 3 इंच खाली, 4 इंच, 5 इंच, 6 इंच. फोटो सगळ्यांचे सारखे, रंग तेवढा कुणाचा लाल कुणाचा काळा. इंचाला किती पाउंड लागतात, म्हणजे स्प्रिंग किती कडक, ते अनेक ठिकाणी लिहिलेलंच नाही. हे म्हणजे लग्नाच्या स्थळात नुसती उंची लिहायची आणि बाकी काही नाही! एका ठिकाणी फोन करून रेट, म्हणजे हाच कडकपणा, विचारला तर तिकडचा माणूस उत्साहाने म्हणाला, "छान बसते गाडी." मी पुन्हा विचारलं. तो म्हणाला, "खूपच छान बसते."

कापून टाक की एक वेढा, हाही सल्ला आला. सांगलीच्या कॉलेजात मशीन डिझाइनच्या तोंडी परीक्षेला जे सूत्र नेमकं आठवलं नव्हतं ते आता रात्री दोन वाजता आठवायला लागलंय. स्प्रिंगचा कडकपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घातात वाढतो, म्हणजे तार 10 टक्के जाड केली की स्प्रिंग 46 टक्के कडक, आणि काम करणारे वेढे कमी केले की कडकपणा तेवढ्या पटीत चढतो, 6 मधला एक उडवला की 20 टक्के. म्हणजे कापलेली स्प्रिंग गाडी खाली नेते आणि वर हाडंही खिळखिळी करते. गॅसच्या टॉर्चने स्प्रिंग तापवून बसवणारे पण आहेत. त्यांच्याशी मी बोलत नाही, पोलादाचं पाणी उतरवून वर त्याला स्टाइल म्हणायचं हे मला पटत नाही.

बरं मऊ घ्यावी, तर गणपती आहेत.

मंडळाची मिरवणूक असते आणि वर्षातून एकदा या ट्रकला इज्जत मिळते ती तेव्हाच. हौद्यात ढोलवाले, ताशेवाले, एक स्पीकर, त्याचा जनरेटर आणि कुणीही न बोलावलेला एक काका. (इथे 18 च्या खालच्या पोरांना उघड्या हौद्यात बसवायला बंदी आहे पण परेडला सूट, त्यामुळे पोरंही चढतात.) आता समजा एक स्प्रिंग इंचाला 200 पाउंडाची, दोन मिळून 400. ढोलांसकट मंडळी धरा 1600 पाउंड, सगळी अ‍ॅक्सलच्या डोक्यावर, म्हणजे गाडी सरळ 4 इंच खाली. आणि 6 इंची ड्रॉप करून ठेवली असेल तर तेवढी जागा शिल्लकच राहत नाही, अ‍ॅक्सल जाऊन चेसिसला धडकणार, मिरवणुकीत ताशाच्या मध्ये मध्ये ठाण ठाण असा वेगळाच ठेका. त्यासाठी अ‍ॅक्सलच्या डोक्यावर चेसिसला खालून अर्धगोल खाच कापून तिथे जाड पट्टी बसवतात. 1971 च्या चेसिसला कटर लावायचा विचार केला तरी माझ्या पोटात गोळा येतो.

आणि स्प्रिंग एकटी येत नाही हे कॅटलॉगात शेवटच्या पानावर असतं. गाडी खाली आली की जुना शॉकअप लांब पडतो, म्हणून आखूड शॉकअप. रबराचे स्टॉपर कापा किंवा बदला. अ‍ॅक्सल आडवा धरून ठेवणारा पॅनहार्ड रॉड आहे, तो कमानीत फिरतो, त्यामुळे गाडी खाली केली की अख्खा अ‍ॅक्सल एका बाजूला सरकतो आणि एक चाक मडगार्डच्या आत, दुसरं बाहेर डोकावतंय, म्हणून लांबी कमीजास्त करता येणारा रॉड. ज्या भावात स्प्रिंगा बसत होत्या त्याच्या कितीतरी पट त्यांचे नातेवाईक बसायला आले.

गॅरेजवाल्याने, जो स्वतः 6 इंच खाली असलेल्या गाडीतून येतो आणि प्रत्येक स्पीडब्रेकरला तिरका चढतो, मला एकच विचारलं, "तू यात काय वाहून नेतोस?" इतके सल्लागार झाले, हे कुणी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, खत आणि देव. तो म्हणाला मग 4 इंची घे, सरळ रेटची, म्हणजे कितीही दाबली तरी कडकपणा तोच राहणारी, खाच कापू नको, आणि मिरवणुकीला पाहिजे तर स्प्रिंगच्या आत घालायची हवेची पिशवी मिळते, तेवढ्यापुरती हवा भर. बायकोला विचारलं तर ती म्हणाली, "अरे पण काका मावतील ना?" म्हणजे तिचीही संमती.

ऑर्डर टाकली, बसवून झाल्या. गॅरेजवाला म्हणाला थोडे दिवस चालव, नव्या स्प्रिंगा अजून किंचित दबतील. मागची बाजू मस्त दिसते, चाक आणि मडगार्डमधली ती बोडकी जागा गेली. फक्त पुढचं काहीच केलेलं नाही, त्यामुळे आता गाडी नाक वर करून उभी आहे. बाबांना फोटो पाठवला, त्यांचं उत्तर आलं, "माल किती भरलाय?" पुढच्या चाकांसाठी अडीच इंच खाली घेणारे स्पिंडल, म्हणजे चाक ज्यावर बसतं तो भाग, मिळतात म्हणे, त्यात स्प्रिंगला हात लावावा लागत नाही. मी बघतोय, नुसतं बघतोय.