वूफर बदलण्याआधी विचार करू नका

गाडी घेताना तुम्ही टॉप मॉडेल घेतलंत. शोरूममधल्या पोराने डिकीच्या कोपऱ्याकडे बोट दाखवून "सर, यात सबवूफरपण आहे, जड आवाजाचा म्हणजे बेसचा खास स्पीकर" म्हटलं, तेव्हा ऊर भरून आला होता. तो पंधरा दिवस तसाच भरलेला राहिला. सोळाव्या दिवशी सिग्नलला शेजारी एक जुनाट हॅचबॅक येऊन थांबली. तिची नंबरप्लेट थरथरत होती आणि तिच्यामुळे तुमच्या आरशातलं जग हलत होतं. त्या क्षणी तुमचा वूफर खुळखुळा झाला.

अभिनंदन. आता थांबायचं नाही.

कंपनीच्या इंजिनिअरांचा विचार तर मनातसुद्धा आणू नका. तुमच्याच मॉडेलमध्ये म्हणे ते माईक लावून बसले, आवाज मोजला, सगळे आवाज कानावर एकदम यावेत म्हणून जवळच्या स्पीकरने किती मिलिसेकंद थांबून बोलायचं ते ठरवलं, छोट्या वूफरला मोजून मापून तेवढाच डबा दिला. दिला असेल. पण त्यांच्यातला एक तरी कधी कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर उभा राहून बारा इंची वूफरचा दणका छातीत घेऊन आलाय का?

दुकानात गेलात की खोक्यावरचा सगळ्यात मोठा आकडा वाचा. 1400 वॅट! खालच्या बाजूला मुंगीच्या अक्षरांत आरएमएस म्हणून 300 की 350 असं काहीतरी लिहिलेलं असतं, ते चष्मा लावणाऱ्यांसाठी. वूफर तासन् तास खरोखर सोसू शकतो तो हाच आकडा, पण लग्नाच्या पत्रिकेवर कुणी पगाराची निव्वळ रक्कम छापतं का? कुणी तुम्हाला सांगेल की वॅट दुप्पट केले तर आवाज जेमतेम 3 डेसिबलने वाढतो आणि कानाला दुप्पट वाटायला वॅट दहापट लागतात. असल्या माणसाला गाडीत घेऊ नका.

आता ओहम, म्हणजे वूफर विजेला किती अडवतो त्याचं माप. इथे जरा रेंगाळू, कारण दुकानदाराच्या पोराची फी याच शब्दावर निघते. कंपनीचे वूफर बऱ्याचदा 2 ओहमचे असतात आणि स्पीकरला ताकद पुरवणारा कंपनीचा अ‍ॅम्प त्याच हिशोबाने बांधलेला असतो. तुम्ही बाजारातला 4 ओहमचा आणून त्याच वायरीला जोडता. अ‍ॅम्प बिचारा आता निम्मीच ताकद देतो. म्हणजे आठ हजार मोजून, आकार दीडपट करून, आवाज आधीपेक्षा कमी! तुम्ही दुकानदाराकडे बघता. तो तुमच्याकडे बघतो. त्याच्या चेहऱ्यावर तेव्हा जे वात्सल्य उमटतं, ते तुमच्या आजीनंतर तुम्ही कुणाच्या चेहऱ्यावर पाहिलेलं नसतं. "साहेब," तो म्हणतो, "अ‍ॅम्प टाकावा लागेल."

टाका. पण कंपनीच्या सिस्टीममधून अ‍ॅम्पला सिग्नल कसा द्यायचा? त्यासाठी हाय-टू-लो कन्व्हर्टर, म्हणजे स्पीकरच्या वायरीतला तगडा सिग्नल झेपेल इतका बारीक करणारी डबी. तो लावला की कळतं, आवाज चढवला की कंपनीची सिस्टीम स्वतःहून बेस कमी करते, कारण तिला अजून वाटतंय की मागे तो जुना नाजूक वूफरच बसलाय. तिची समजूत काढायला, म्हणजे कापलेला बेस परत भरायला, प्रोसेसर. प्रोसेसर आला की दाराचे स्पीकर अगदीच केविलवाणे वाटायला लागतात, मग ते. सून घरात आली म्हणून आधी पडदे, मग सोफा, मग फरशी बदलावी तसं हे चालतं, आणि गंमत म्हणजे कुठल्याच टप्प्यावर तुम्ही मूर्ख ठरत नाही. प्रत्येक खर्च आधीच्या खर्चाने अगदी तर्कशुद्धपणे मागितलेला असतो.

बॅटरीचीही काळजी नको. 500 वॅट बाहेर काढायला अ‍ॅम्प 600 च्या वर ओढतो, म्हणजे भर रंगात पन्नासेक अँपिअर. हॅलोजन हेडलाइटचा एक बल्ब 55 वॅटचा, तेव्हा दहा-अकरा हेडलाइट एकदम लावल्यासारखं. तुम्ही कधीतरी रात्री घराकडे येताना प्रत्येक ठोक्याला पुढचा रस्ता अंधारून परत उजळताना पाहाल. त्याला डिस्को म्हणा. मोठा फ्यूज बॅटरीपासून दीड फुटाच्या आत हवा असतो, कारण तो अ‍ॅम्पपेक्षा मधल्या वायरीसाठी असतो. तुम्ही तो डिकीत अ‍ॅम्पला चिकटून लावा. छान दिसतो, निळा दिवा पण असतो. पुढून मागे कार्पेटखालून गेलेली चार-पाच मीटर वायर घासून उघडी पडली तर तिचं ती बघून घेईल. वायर तांब्याची आहे की वरून तांब्याचा मुलामा दिलेल्या अ‍ॅल्युमिनियमची, हेही विचारू नका. आपण काय दागिने घेतोय?

एवढं सगळं होऊन बेस आलाच नाही तर? माझ्या बाबतीत हेच झालं, म्हणून अधिकाराने सांगतो. डिकी उघडून मागे उभं राहिलं की दणका, ड्रायव्हरच्या सीटवर बसलं की सगळं गायब. दुकानदाराने निदान केलं, "अजून एक वूफर लागेल." मी अ‍ॅडव्हान्ससुद्धा दिला. आठवड्याने शेजारच्या कॉलेजातल्या मुलाने वूफरच्या प्लस-मायनस वायरी अदलाबदल केल्या, पाच मिनिटांत, फुकट. वूफर आणि दारांचे स्पीकर एकमेकांच्या उलट हलत होते. एक हवा ढकलत होता, तेव्हा बाकीचे ओढत होते. असले खटाटोप तुम्ही करू नका. पाच मिनिटांत प्रश्न सुटला तर रविवारी करायचं काय?

रविवारी करायचं ते म्हणजे खडखड शोधणं. बेस आला की गाडी बोलायला लागते. आधी नंबरप्लेट, तिच्यामागे फोमची पट्टी. मग डिकीचं दार, त्याला थरथर शोषणाऱ्या काळ्या डॅम्पिंग शीटा. मग पार्सल ट्रे, मग सीटबेल्टचं बक्कल, मग ग्लव्ह बॉक्समधली नाणी. शेवटी बायकोला मागच्या सीटवर आडवं झोपवून "आता कुठून येतंय?" असं विचारण्याची पाळी येते. ती जे उत्तर देते ते इथे छापता येत नाही.

स्टेपनीबद्दल एवढंच की ती वूफरच्या खोक्याच्या खाली आहे. पावसात कसारा घाटात पंक्चर झालं की पंचवीस किलोचं कार्पेट लावलेलं लाकडी खोकं छत्री धरून बाहेर काढायचं असतं.

सोसायटीची फिकीर करू नका. 40 हर्ट्झच्या लाटेची लांबी साडेआठ मीटर असते. ती काचेला, भिंतीला जुमानत नाही, त्यामुळे तुमचं गाणं फक्त तुम्हाला ऐकू येतं आणि त्यातलं धब् धब् तिसऱ्या मजल्यावरच्या काकांना. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागात रात्री दहा ते सकाळी सहा 45 डेसिबलची मर्यादा आहे. काकांना हे पाठ आहे. तुम्ही अकराला पार्किंगमध्ये शिरताना फक्त गॅलरीकडे बघायचं नाही.

आणि मग एक सोमवार येतो. ऑफिसला जाताना दीड तास, येताना दीड तास. जाताना बॉसचा फोन, येताना घरचा. माणसाच्या बोलण्यात वूफरला वाजवण्याजोगं जवळजवळ काहीच नसतं. मधल्या वेळात नकाशातली बाई सांगते, "दोनशे मीटरवर उजवीकडे वळा." तिचा आवाजही पुढच्या दाराच्या स्पीकरमधूनच येतो. मागे डिकीत बारा इंची वूफर, 500 वॅटचा अ‍ॅम्प, प्रोसेसर आणि तो निळा दिवा गप्प बसून ऐकत असतात. तेवढ्यात पुन्हा फोन वाजतो, आणि कोथिंबीर आणायची आहे असं कळतं.