‘टॅक्सीत क्वांटम कुठून आलं?’ या प्रतिक्रियेला उत्तर

सर, नमस्कार.

न्यूयॉर्कच्या टॅक्सी-फेऱ्यांच्या नोंदी आणि क्वांटम ऑसिलेटर (स्प्रिंगला बांधल्यासारखा मागेपुढे झुलणारा सूक्ष्म कण) यांच्यामागे सारखंच गणित आहे, असं मी लिहिलं होतं. त्यावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. आक्षेप दोन आहेत. गणित सारखं दिसलं म्हणून क्वांटम ऑसिलेटर आणि टॅक्सी एका दावणीला बांधणं ओढूनताणून आहे, हा पहिला. न्यूयॉर्कच्या नोंदी घेऊन ठाण्यात बसून काय हाती लागणार, हा दुसरा.

पहिल्यातला अर्धा भाग मान्य. ‘टॅक्सी क्वांटम कणासारखी फिरते’ हे वाक्य चूक होतं, ते काढलंय. क्वांटममध्ये प्रत्येक वाटेला एक आयाम (ॲम्प्लिट्यूड) असतो, तो उणेही असू शकतो. आधी आयामांची बेरीज, मग शक्यता काढायला वर्ग; म्हणून दोन वाटा एकमेकींना खोडू शकतात. घोडबंदर रोडने आलेली रिक्षा आणि पोखरण रोडने आलेली रिक्षा स्टेशनवर नुसत्या मोजल्या जातात.

पण दोन्हीकडे एकाच घडणीची मॅट्रिक्स (आकड्यांचा चौकोनी तक्ता) येते, हा मुद्दा मी सोडणार नाही. ऑसिलेटर संगणकावर सोडवताना आपण रेषेवर बिंदू मांडतो. गतिज ऊर्जेची मॅट्रिक्स म्हणजे, एका गुणकाखेरीज, कर्णावर २ आणि शेजाऱ्यांपाशी उणे १. शहराचे विभाग पाडून कर्णावर त्या विभागाच्या इतर विभागांशी झालेल्या एकूण फेऱ्या आणि इतरत्र दोन विभागांमधल्या फेऱ्या उणे चिन्हाने लिहिल्या, की तीच रचना होते. तिला लाप्लासियन म्हणतात. रेषेच्या जागी जाळं आलं, इतकंच. ऑसिलेटरचं उत्तर आधीच ठाऊक असतं, म्हणून मी प्रोग्रॅम त्याच्यावर पारखतो. बिंदूंतलं अंतर ०.१ ठेवलं तर तळाची ऊर्जा ०.५ ऐवजी ०.४९९६९ येते. अंतर निम्मं केलं की चूक चौथाईवर उतरते. इतकं चोख पारखायचं साधन टॅक्सीच्या नोंदींत कुठून मिळणार?

आणि खरी शिकवण काठावर मिळाली. रेषा उणे ६ ते अधिक ६ इतकीच घेतली, की ऊर्जेच्या खालच्या पातळ्या नीट येतात; वरच्या बिघडतात. शून्यापासून मोजून विसावी पातळी २०.५ हवी, ती २१ च्या पुढे जाते, कारण त्या पातळीवरचा कण ६.४ पर्यंत जाऊ पाहतो आणि मी ६ वर भिंत घातलेली असते. आकडा येतो, छान दिसतो, पण तो ऑसिलेटरचा नसतो, माझ्या भिंतीचा असतो.

तुमच्या दुसऱ्या आक्षेपाचं उत्तर इथेच आहे. न्यूयॉर्कच्या टॅक्सी नोंदींत २६५ क्रमांकाचा विभाग म्हणजे ‘शहराबाहेर’. न्यूअर्क विमानतळ न्यू जर्सीत असूनही त्याला स्वतंत्र क्रमांक आहे. बाहेरचं बाकी सगळं एकाच पोत्यात. आता मुंबई महापालिकेच्या हद्दीवर चौकट आखली असं समजा. मुलुंड चेकनाक्यापलीकडचे आपण आणि ऐरोली पुलापलीकडची नवी मुंबई, सगळे त्याच पोत्यात. तीन हात नाक्याहून मुलुंडला जाणं आणि वाशीहून मुलुंडला जाणं एकच ठरेल. ठाण्यात बसल्यामुळेच मला हे दिसलं, सर. जो काठावर राहतो त्याला भिंत कुठे घातली हे आधी विचारावं लागतं. शिवाय स्टेशनबाहेरच्या शेअर रिक्षात मीटर पडत नाही. मीटरच्या नोंदींवरून आपल्या शहराचा नकाशा काढला तर रांगेत उभे राहणारे त्यात असणारच नाहीत.

एक दुबळी जागा तुम्ही दाखवली नाहीत, ती मीच सांगतो. हॅमिल्टोनियन, म्हणजे ऑसिलेटरच्या एकूण ऊर्जेची मॅट्रिक्स, हर्मिशियन असतो; इथे त्याचा अर्थ, अ कडून ब कडचा आकडा आणि ब कडून अ कडचा आकडा सारखाच. फेऱ्या तशा नसतात. सकाळी लोंढा घोडबंदरकडून स्टेशनकडे, संध्याकाळी उलटा. मी दिवसभराच्या जाण्या-येण्याच्या फेऱ्या एकत्र केल्या आणि ती दिशाच हरवली. आता सकाळ वेगळी काढून, दिशा राखून मांडतोय. त्यात आयगेनव्हॅल्यू (मॅट्रिक्समधून निघणारे आकडे, ऑसिलेटरमध्ये याच ऊर्जेच्या पातळ्या) कॉम्प्लेक्स, म्हणजे उणे एकच्या वर्गमूळासकट, येतात आणि त्यांचा अर्थ रस्त्यावर कसा लावायचा यावर अडलोय. तुम्ही इतकी वर्षं हा विषय शिकवलात. या भागाचा कच्चा खर्डा पाठवला तर वाचाल का?