खोक्यावरचा आकडा धूर ओढत नाही

नवीन स्वयंपाकघर लावणाऱ्यांच्या ग्रुपवर एक मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. शब्द बदलतात, मजकूर तोच: 'चिमणी घेताना एकच बघा, सक्शन. 1200 च्या खाली घेऊ नका. पाइप 4 इंची असला तरी चालतो, मोठी मोटर सगळं ओढून घेते. पाइपची सोय नसेल तर डक्टलेस घ्या, काम तेच. ऑटोक्लीन असेल तर साफसफाईची कटकट नाही. चिमणी लावताना दारं-खिडक्या घट्ट बंद ठेवा. धूर दिसला की लावा, गॅस बंद केला की बंद करा. आणि आवाज जोरात येत असेल तर समजा, ओढ जबरदस्त आहे.'

ऐकायला सगळं पटतं, म्हणूनच तो फिरतो. यातलं एक वाक्य अर्धं खरं आहे. बाकीची तपासून बघू.

'1200 च्या खाली घेऊ नका'

1200 म्हणजे तासाला 1200 घनमीटर हवा. काही ठिकाणी हेच माप सीएफएममध्ये, म्हणजे मिनिटाला किती घनफूट असं देतात. मग तीच चिमणी 700 ची दिसते आणि माणूस ती कमी ताकदीची समजून बाजूला सारतो. पण एककाचा घोळ किरकोळ आहे. मूळ अडचण अशी की पंख्याचा प्रवाह हा ठरलेला आकडा नसतोच. पुढे काहीच अडथळा नसेल तेव्हा तो सर्वांत जास्त असतो, तोंड पूर्ण बुजवलं तर शून्य होतो, आणि या दोन टोकांमध्ये अडथळ्याप्रमाणे उतरत जातो. खोक्यावर बहुधा वरच्या टोकाचा किंवा त्याच्या जवळपासचा आकडा छापतात, तोही सगळ्यांत वरच्या स्पीडचा. तुमच्या घरी मात्र पंख्यापुढे पाइप आहे, पाइपाला वळणं आहेत, शेवटी जाळी आहे आणि पंख्याच्या अलीकडे तेलाने माखलेला फिल्टर आहे. हे सगळं जोडल्यावर पंखा कुठे स्थिरावेल, हे खोक्याला माहीत नसतं. म्हणून 1000 ची चिमणी 1400 च्या चिमणीपेक्षा प्रत्यक्षात जास्त हवा बाहेर टाकते, असं सहज घडू शकतं. विचारायचंच असेल तर प्रवाहाबरोबर दाबही विचारा, म्हणजे पंखा किती अडथळा पेलतो ते कळेल. तो पास्कलमध्ये देतात. विक्रेता गोंधळला तर माहितीपुस्तिका मागा.

आता समजा प्रवाह खरोखर छापल्याइतका मिळाला. तरी धूर चिमणीतच जाईल असं नाही.

घरी करून बघण्यासारखी गोष्ट आहे. मेणबत्ती लावा आणि हातभर अंतरावरून फुंकर मारा, विझेल. आता त्याच अंतरावरून श्वास आत ओढून ती विझवून दाखवा. ज्योत हलतसुद्धा नाही. बाहेर फेकलेली हवा झोत धरून जाते, पण ओढली जाणारी हवा चहूबाजूंनी येते, त्यामुळे तोंडापासून थोडं दूर गेलं की ओढ संपते. मोकळ्या पाइपाच्या तोंडापासून त्याच्या व्यासाएवढ्या अंतरावर हवेचा वेग तोंडाजवळच्या वेगाच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी होतो. चिमणी कढईतला धूर वर खेचून घेते ही आपली समजूतच चुकीची आहे. धूर गरम असतो म्हणून स्वतःच वर जातो. चिमणीचं काम त्याला वाटेत गाठायचं, साठवायचं आणि निसटू न देता बाहेर घालवायचं.

एकदा हे ध्यानात आलं की आकार महत्त्वाचा का, ते आपोआप कळतं. वर जाणारा धूर पसरत जातो. चिमणी शेगडीएवढी तरी रुंद हवी, थोडी जास्त असली तर उत्तम. पुढच्या बर्नरवर तिची सावली पडायला हवी. खालच्या बाजूला खोलगट पोकळी असेल तर तेलात काही सोडल्यावर उठणारा धुराचा लोट क्षणभर तिथे मावतो आणि पंख्याला तो उपसायला वेळ मिळतो. तिरप्या काचेच्या चिमण्या दिसायला देखण्या असतात, पण त्यांत ही पोकळी जवळजवळ नसते, म्हणून लोट कडेवरून घरंगळून खोलीत येतो. मला त्या आवडतात. विकत घेणार नाही.

अमेरिकेतल्या लॉरेन्स बर्कली नॅशनल लॅबोरेटरीने घरगुती चिमण्या तपासल्या, तेव्हा शेगडीवरून उठणाऱ्या वायूंपैकी प्रत्यक्ष पकडलं जाणारं प्रमाण काही वेळा 15 टक्क्यांच्याही खाली गेलं, तर काही वेळा 98 टक्क्यांच्या वर. मागच्या बर्नरवर पकड चांगली होती, पुढच्या बर्नरवर कमी. म्हणजे जास्त धुराचा पदार्थ मागच्या बर्नरवर करणं हा फुकटातला उपाय आहे. तोच धागा धरून उंचीचंही सांगून टाकतो. बहुतेक पुस्तिकांत शेगडीपासून साधारण 65 ते 75 सेंटीमीटर अंतर दिलेलं असतं. 'डोक्याला लागते' म्हणून फिटरकडून ती हातभर वर सरकवून घेतली, तर मधल्या जागेत धूर मोकळा सुटतो. फार खाली आणणंही गॅसच्या ज्योतीवर धोक्याचं, त्यामुळे पुस्तिकेतलं किमान अंतर पाळायचंच.

'4 इंची पाइप चालतो'

नाही चालत, आणि यासाठी मत नको, गुणाकार पुरे. तासाला 1200 घनमीटर हवा 6 इंची पाइपातून जायची असेल तर तिचा वेग ताशी 65 किलोमीटरच्या आसपास लागतो. तीच हवा 4 इंची पाइपातून न्यायची तर ताशी जवळजवळ 150 किलोमीटर. हा चक्रीवादळाचा वेग झाला. नुसता तो वेग द्यायला साधारण हजार पास्कल दाब लागेल, घर्षण अजून धरलेलंच नाही, आणि घरगुती चिमणीच्या पंख्याचा जीव काही शे पास्कलचा. मोटर ओढत नाही, ती नुसती घुसमटते. तेवढीच हवा न्यायची तर पाइपातलं घर्षण व्यास घटेल तसं साधारण पाचव्या घाताने वाढतं. 6 चे 4 इंच केले की ते सातपटीहून जास्त होतं.

'मग मोठी मोटर घेऊ' हाही उपाय महागात पडतो. त्याच पाइपातून 10 टक्के जास्त हवा ढकलायला साधारण 33 टक्के जास्त शक्ती लागते आणि दुप्पट हवेला आठपट. भिंतीतलं भोक मोठं करणं एका दिवसाचं काम आहे, वीज मात्र रोज जळते.

पाइपाचा आतला पृष्ठभागही बघा. अ‍ॅल्युमिनियमचा चुण्यांचा लवचिक पाइप बसवायला सोपा, म्हणून फिटरचा लाडका. पण प्रत्येक चुणीवर हवा अडखळते आणि तेल साचतं. तो वापरायचाच झाला तर ताणून, कमीत कमी लांबीचा. काटकोनातलं एक वळणसुद्धा काही मीटर सरळ पाइपाएवढं भारी पडतं. चिमणीच्या मुखाचा व्यास 6 इंच असेल तर शेवटपर्यंत 6 इंचच हवा. मध्ये रिड्यूसर, म्हणजे पाइप अरुंद करणारा जोड, लावला की बाटलीला बूच लावल्यासारखं झालं.

'डक्टलेसचं काम तेच'

डक्टलेसमध्ये हवा जाळीतून आणि कोळशाच्या फिल्टरमधून फिरून परत तुमच्याच तोंडावर येते. जाळी तेलाचे मोठे थेंब पकडते. कोळसा काही काळ वास शोषतो. तो भरला की बदलायचा, धुऊन पुन्हा लावायचा नाही. पण गॅस जळताना पाणी तयार होतं, त्याचं काय? एक किलो प्रोपेन जळला की 1.6 किलोहून थोडं जास्त पाणी वाफेच्या रूपात बाहेर पडतं. भांड्यातली वाफ वेगळी. शिवाय उष्णता आणि कार्बन डायऑक्साइड. यातलं काहीच कोळशात अडकत नाही. कार्बन मोनॉक्साइडही नाही. बाहेर भोक पाडणं शक्यच नसेल तर डक्टलेस घ्या, ओट्यावरचा चिकटपणा कमी होईल. पण जोडीला खिडकीत एक्झॉस्ट पंखा हवाच, आणि हवा बाहेर घालवण्याचं काम खरं तोच करतो.

'ऑटोक्लीन असेल तर साफसफाईची कटकट नाही'

बटण दाबल्यावर आतली कॉइल तापते, पंख्याच्या पात्यांवरचं तेल पातळ होतं आणि खालच्या वाटीत उतरतं. काही प्रकारांत पाण्याचा फवारा असतो. हे चांगलंच आहे, मी नाकारत नाही. पण वाटी ओतायला कोणी येत नाही. पोकळीची आतली बाजू, पाइप, मुखावरची झडप म्हणजे फ्लॅप, यांना ते बटण शिवतही नाही. आणि फिल्टर नसलेल्या चिमणीत पंख्याने न पकडलेलं तेल थेट पाइपात जातं. तेलकट पाइपाचं घाण होणं एक वेळ चालेल, पण ज्योत वर गेली तर तो पेटतो.

फिल्टरबद्दल दोनच वाक्यं. बॅफल फिल्टरच्या पन्हाळ्यांत हवा झटक्यात वळते आणि जड थेंबांना तेवढं वळता येत नाही म्हणून ते पत्र्यावर आपटून ओघळतात. बारीक जाळी पकडते तेही थेंबच, पण लवकर बुजते आणि बुजली की वर सांगितलेला अडथळा वाढतो. गरम पाणी, भांड्याचा साबण, पूर्ण वाळवणं, एवढं पुरतं.

'दारं-खिडक्या घट्ट बंद ठेवा'

हे ते अर्धं खरं वाक्य. चिमणीशेजारचीच खिडकी सताड उघडी असेल आणि वारा आडवा येत असेल तर धूर चिमणीपर्यंत पोचण्याआधीच फाकतो. तेवढी खिडकी ओढून घ्या. पण सगळं बंद?

10 चौरस मीटरचं, 3 मीटर उंचीचं स्वयंपाकघर धरा. आत 30 घनमीटर हवा. तासाला 1200 घनमीटर बाहेर टाकायची तर दर दीड मिनिटाला खोलीभर नवी हवा आत यायला हवी. ती येणार कुठून? आली नाही तर बाहेरही जाणार नाही. खोलीत दाब घटतो, पंखा नुसता घरघरतो, दार उघडताना हाताला ओढ लागते. 10 पास्कलचा फरक दोन चौरस मीटरच्या दारावर दोन किलो वजनाएवढा जोर लावतो.

इथवर गैरसोय आहे. पुढे जिवावर बेतू शकतं. घरात धुराड्याचा गॅस गिझर किंवा बॉयलर असेल तर हवेसाठी आसुसलेली खोली त्याच्याच धुराड्यातून हवा उलटी ओढते. त्या हवेबरोबर कार्बन मोनॉक्साइड येऊ शकतो, आणि त्याला ना रंग, ना वास. अमेरिकेतल्या घरांच्या आदर्श बांधकाम संहितेत 400 सीएफएमपेक्षा, म्हणजे तासाला सुमारे 680 घनमीटरपेक्षा मोठ्या चिमणीला भरपाईची हवा आत आणण्याची सोय करायला सांगितलंय, त्यामागे हेच कारण आहे. मेसेजमधली 1200 ची चिमणी त्या मर्यादेच्या पाऊणपट आणखी वर जाते. स्वयंपाकघराचं आतलं दार उघडं ठेवा आणि पलीकडच्या खोलीची खिडकी चार बोटं उघडा. हवा लांबून, शांतपणे आली पाहिजे.

'धूर दिसला की लावा'

गॅसच्या ज्योतीत हवेतलाच नायट्रोजन जळून नायट्रोजन डायऑक्साइड होतो, भांड्यात नुसतं पाणी असलं तरी. तो दिसत नाही. तळताना-परतताना उडणारे अतिसूक्ष्म कणही दिसत नाहीत, आणि ते इंडक्शनवरही उडतात. म्हणून शेगडी पेटवण्याआधी मिनिटभर चिमणी लावा म्हणजे हवा वाटेला लागते, आणि शेगडी बंद केल्यावर दहा-पंधरा मिनिटं पहिल्या स्पीडवर चालू द्या.

'आवाज जोरात म्हणजे ओढ जबरदस्त'

आमची चिमणी तिसऱ्या स्पीडवर एवढी गर्जायची की शेजारच्या खोलीतला माणूस फोन घेऊन बाहेर जायचा. मीही काही महिने त्याला ताकद समजत होतो. मग एकदा फिल्टरखाली टिश्यूपेपरचा तुकडा धरला. बॅफलला चिकटून बसायला हवा होता, तो आळसावून लोंबत राहिला. शिडी लावून पाइप काढला. छताच्या पोकळीत तो दोनदा वळून चेपला होता, एवढ्यावरच मला समाधान मानायचं होतं. पण चिमणीच्या मुखावरच्या फ्लॅपकडे लक्ष गेलं. बाहेरची हवा, पाली, कबुतरांची पिसं आत येऊ नयेत म्हणून ही दोन पाकळ्यांची झडप असते. पंखा चालू झाला की उघडते, बंद झाला की आपसूक मिटते. वाहतुकीत ती खडखडू नये म्हणून कारखान्यात लावलेली निळी चिकटपट्टी बसवणाऱ्याने काढलीच नव्हती. एक पाकळी कायमची बंद. इतके दिवस पंखा अर्ध्या तोंडाने श्वास घेत होता, आणि गर्जना त्या घुसमटीची होती.

पट्टी सोलून काढली, पाइप सरळ करून घट्ट बसवला. आता दुसऱ्या स्पीडवरच टिश्यू बॅफलला चिकटून राहतो आणि तिसरं बटण बहुधा दाबावं लागत नाही. नवीन त्रास एकच. वाऱ्याच्या रात्री तो मोकळा झालेला फ्लॅप पाइपात टकटक वाजतो.