१३ फेब्रुवारी आणि मिच मॅकॉनेल

“सात वेळा निवडून येऊन दाखवा, मग नावं ठेवा त्या माणसाला!” बापूचा आवाज इतका चढला की शिवाजी पार्कला फेऱ्या मारणारे दोघेतिघे वळून बघायला लागले.

बापू उन्हाळाभर मुलाकडे लुईव्हिलला राहून आला आहे. अमेरिकेच्या सिनेटमधला केंटकी राज्याचा रिपब्लिकन मिच मॅकॉनेल, त्याचं ते गावच. तेव्हापासून त्याच्याबद्दल वावगा शब्द बापू खपवून घेत नाही.

“याचं सगळंच ‘आमच्या केंटकीत’नं सुरू होतं हल्ली,” नीलाताई म्हणाल्या. “परवा भाजीवाल्याला सांगत होता, आमच्या केंटकीत पडवळ मिळत नाही. तो बिचारा म्हणाला, साहेब, माझ्याकडेही आज नाहीये.”

“हसा. पण केंटकीतून ओहायोत जाणाऱ्या त्या ब्रेंट स्पेन्स पुलाचे पैसे कोणी आणले? बायडेनच्या बाजूला जाऊन उभा राहिला तो, पक्षातल्या लोकांच्या शिव्या खाऊन. कामाचा माणूस आहे.”

“पैसे आणले, मान्य,” अण्णा म्हणाला. अण्णाची सगळी उमर सिटी सिव्हिल कोर्टात वकिली करण्यात गेली. तो कधी आवाज चढवत नाही, आणि म्हणूनच बापूला त्याचा जास्त राग येतो. “पण निवडून आला कसा तेही सांग. १९८४ ला रेगन ४९ राज्यं जिंकला. तेवढी मोठी लाट, आणि हा आला जेमतेम पाच हजार मतांनी. तेही शिकारी कुत्र्यांच्या जिवावर.”

कुत्र्यांची ती जाहिरात कट्ट्यावर सगळ्यांना ठाऊक आहे. समोरचा सिनेटर हडलस्टन मतदान बुडवून पैसे घेऊन भाषणं द्यायला जातो, म्हणून कुत्रे त्याचा माग काढत हिंडताहेत. डोकं रॉजर आइल्सचं, ज्यानं पुढे फॉक्स न्यूज उभं केलं त्याचं.

“मग? त्या वर्षी गादीवरच्या सिनेटरला पाडणारा तो एकटा रिपब्लिकन होता,” बापू म्हणाला. “जिंकतो त्याला विचारतात, अण्णा. तुझ्यासारखे मुद्दा बरोबर असून हरतात.”

हा टोला जुना होता. त्याचं मूळ पुढे निघालंच.

मी मध्ये पडलो, कारण मला सुरुवातीचा मॅकॉनेल मनापासून आवडतो आणि त्याची बाजू कुणी तरी मांडायला हवी होती. १९६३ मध्ये वॉशिंग्टनला काळ्या अमेरिकनांचा तो प्रचंड मोर्चा निघाला, तेव्हा हा कॉलेजातला मुलगा तिथे होता. पुढच्या वर्षी तो जॉन शेर्मन कूपर या केंटकीच्याच सिनेटरच्या हाताखाली काम शिकायला गेला. हे तेच कूपर, जे १९५५-५६ मध्ये दिल्लीत अमेरिकेचे राजदूत होते आणि ज्यांचं नेहरूंशी चांगलं जमायचं. मतदारांच्या तक्रारींची पोती येत असतानाही कूपर नागरी हक्कांच्या कायद्यामागे ठाम उभे राहिले. १९६५ ला मताधिकार कायद्यावर जॉन्सननं सही केली, तेव्हा कूपर या पोराला हाताला धरून तिथे घेऊन गेले. १९८६ ला दक्षिण आफ्रिकेवर निर्बंध घालायची वेळ आली तेव्हा मॅकॉनेलनं चक्क रेगनच्या नकाराधिकाराविरुद्ध मत दिलं. राष्ट्रध्वज जाळणं हा गुन्हा ठरवण्याची मुभा देणारी घटनादुरुस्ती २००६ मध्ये एका मतानं पडली, तेव्हाही हा स्वपक्षाच्या विरुद्ध होता.

“ध्वजाचं मत चांगलं होतं,” अण्णा लगेच म्हणाला. “ते मी त्याच्या खात्यावर जमा धरतो. पण कूपरांचं शिक्षण पुढे गेलं कुठे? सर्वोच्च न्यायालयानं २०१३ ला त्याच मताधिकार कायद्याचा कणा मोडला. २०१९ ला प्रतिनिधीगृहानं तो सांधणारं विधेयक पाठवलं, तर यानं ते सिनेटच्या पटलावर येऊच दिलं नाही. ज्या सहीला साक्षीदार होता, तिच्याच दुरुस्तीला दार बंद.”

बापूनं विषय बदलला. “संसदीय डावपेच शिकावे तर त्याच्याकडून. १८ वर्षं पक्षाचा नेता! सिनेटच्या इतिहासात तेवढं कुणी टिकलेलं नाही. डेमोक्रॅटांचा नेता हॅरी रीड, त्यानं २०१३ ला खालच्या कोर्टांच्या न्यायाधीशांच्या नेमणुकीसाठी लागणारी साठ मतांची अट मोडली, तेव्हा हा सगळ्यांसमोर म्हणाला होता की पस्तावाल, आणि वाटतं त्याच्या आधी पस्तावाल. झालं ना तसंच?”

“झालं. कारण पस्तावा देणाराही हाच होता,” अण्णा म्हणाला.

मग गार्लंड निघालाच. अण्णाला त्या प्रकरणाच्या तारखा तोंडपाठ आहेत. सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती स्कॅलिया गेले १३ फेब्रुवारी २०१६ ला. बातमी आली त्याच संध्याकाळी मॅकॉनेलनं जाहीर केलं की ही जागा नवीन राष्ट्राध्यक्ष भरेल, लोकांना बोलू द्या. ओबामांकडे अजून अकरा महिने होते. मार्चमध्ये त्यांनी मेरिक गार्लंडचं नाव दिलं. २९३ दिवस तो माणूस ताटकळला. ना सुनावणी, ना मतदान. नंतर ट्रम्प आला, सर्वोच्च न्यायालयासाठीही साठ मतांची अट काढून टाकली गेली आणि त्या जागेवर गॉर्सच बसले.

“आणि २०२० ला?” अण्णा विचारत होता. “न्यायमूर्ती गिन्सबर्गबाई १८ सप्टेंबरला गेल्या. त्यांच्या जागी बॅरेटबाईंवर शिक्कामोर्तब २६ ऑक्टोबरला. मतदानाला आठ दिवस! तेव्हा लोकांना बोलायचं नव्हतं?”

“फरक आहे!” बापू कट्ट्यावरून उठूनच उभा राहिला. “२०१६ ला राष्ट्राध्यक्ष एका पक्षाचा, सिनेट दुसऱ्याची. २०२० ला दोन्ही एकाचेच. घटनेत कुठे लिहिलंय की सिनेटनं मतदान घेतलंच पाहिजे? दाखव!”

“लिहिलेलं नाही. म्हणूनच तर माणूस कसा आहे ते कळतं. जिथे लिहिलंय तिथे सगळेच सज्जन असतात.”

बापूला उत्तर सुचेपर्यंत नीलाताईंनी पिशवी खाली ठेवली. “बापू, तू सोसायटीचा सेक्रेटरी होतास तेव्हा गुप्ते समिती सोडून गेले. अण्णाचं नाव सगळ्यांनी सुचवलं. तू काय म्हणालास? निवडणूक तोंडावर आहे, नवीन समिती ठरवेल. आठ महिने जागा रिकामी! आणि पुढच्या खेपेला जागा रिकामी झाली तेव्हा वार्षिक सभेच्या आदल्या रविवारी, सगळे गावाला गेलेले असताना, कोणाला घेतलंस?”

“ते वेगळं. लिफ्टचं काम अडलं होतं.”

“मेहुण्याला घेतलंस!”

“तो इंजिनिअर आहे!”

“रसायनांचा! लिफ्टशी त्याचा काय संबंध?” अण्णा म्हणाला, आणि शिंदे मास्तरसुद्धा हसायला लागले. मास्तर सहसा कट्ट्याच्या टोकाला बसून ऐकत असतात. डाव्या पायाला कॅलिपर आहे, त्यामुळे त्यांना पाय लांब करायला जागा लागते.

चहा आला. बापूनं दोन घोट घेतले आणि धीर धरून पुन्हा सुरुवात केली. “ठीक आहे. पण २०२१ ला ६ जानेवारीला ट्रम्पच्या लोकांनी संसदेवर हल्ला केला, त्यानंतर ट्रम्पला तोंडावर कोणी सुनावलं? भर सिनेटमध्ये उभा राहून म्हणाला, या घडामोडींना चिथावणी देण्याला ट्रम्प व्यवहारानं आणि नैतिकदृष्ट्या जबाबदार आहे. असं बोलायला छाती लागते.”

“बोलायच्या आधी काय केलं ते सांग,” अण्णा म्हणाला. आता तो बापूकडे नाही, आमच्या सगळ्यांकडे बघून बोलत होता. “१३ जानेवारीला प्रतिनिधीगृहानं महाभियोग मंजूर केला. मॅकॉनेल म्हणाला, १९ तारखेपर्यंत सिनेट भरवता येणार नाही. २० ला ट्रम्पची मुदत संपली. १३ फेब्रुवारीला मतदान झालं तेव्हा हाच म्हणाला, पायउतार झालेल्या राष्ट्राध्यक्षावर खटला चालवता येत नाही, म्हणून मी निर्दोष म्हणतो. अरे, वेळ यानंच घालवली, आणि वेळ गेली म्हणून यानंच सोडून दिलं! ५७ विरुद्ध ४३. लागत होती ६७. दहा मतं कमी पडली. ती दहा मतं त्या सभागृहात फक्त एका माणसाच्या खिशात होती. दोषी ठरला असता, तर पुन्हा कुठलंही पद मिळू नये हे साध्या बहुमतानं ठरवता आलं असतं.”

“पक्ष फुटला असता.”

“फुटला असता कदाचित. नेता कशासाठी असतो मग? बरं, त्याच भाषणात पुढे काय म्हणाला? देशात फौजदारी न्यायव्यवस्था आहे, माजी राष्ट्राध्यक्ष तिच्यातून सुटत नाहीत. सुंदर. १ जुलै २०२४ ला निकाल काय आला? पदाच्या अधिकारात केलेल्या कामांबद्दल राष्ट्राध्यक्षाला फौजदारी खटल्यापासून संरक्षण. सहा विरुद्ध तीन. त्या सहांतले तीन न्यायमूर्ती यानंच आणून बसवलेले. गार्लंडची जागा अडवून, साठची अट मोडून, निवडणुकीच्या आठ दिवस आधी घाई करून. यानं ज्या दाराकडे बोट दाखवलं, ते दार याच्याच माणसांनी ओढून घेतलं.”

बराच वेळ कोणी बोललं नाही. मला अण्णाचं हे म्हणणं पूर्ण पटतं. मॅकॉनेल अडाणी नव्हता, भोळा नव्हता, त्याला ट्रम्प कळला नव्हता असंही नाही. त्याला सगळं कळत होतं आणि सभागृहाचा एकेक नियम हाताखालचा होता. म्हणूनच त्याचं ते एक मत मला इतर ४२ मतांपेक्षा जड वाटतं.

“आणि इलेन चाओ?” नीलाताईंनी विचारलं. “त्याची बायको ट्रम्पची मंत्री होती, ६ जानेवारीच्या दुसऱ्या दिवशी राजीनामा दिला तिनं. तैवानमध्ये जन्मलेली बाई, आठ वर्षांची असताना बोटीनं अमेरिकेला आली. तिच्या नावावरून, वंशावरून ट्रम्पनं जाहीर टिंगल केली. आणि नवऱ्यानं मार्च २०२४ मध्ये त्याच ट्रम्पला पाठिंबा दिला. माझा नवरा असता ना, तर सिनेटमध्येच जेवायला लावलं असतं त्याला. कायमचं.”

“वहिनींना महाभियोगाचे अधिकार द्यायला हवे होते,” बापू पुटपुटला. नीलाताई त्याच्या वहिनी नाहीत, पण घाबरला की तो त्यांना वहिनी म्हणतो.

तेवढ्यात मास्तर बोलले. “तुम्ही सगळे त्या लसविरोधी रॉबर्ट केनेडी ज्युनियरच्या मतदानाचं विसरलात.”

“विसरलो नाही, मास्तर,” अण्णा म्हणाला, जरा नरमून.

“मॅकॉनेल दोन वर्षांचा होता, १९४४ ला, तेव्हा पोलिओनं त्याचा डावा पाय गेला. माझाही डावाच. त्याची आई त्याला जॉर्जियात वॉर्म स्प्रिंग्जला न्यायची, रुझवेल्टनी पोलिओसाठी उभारलेल्या ठिकाणी. तिथे शिकलेले व्यायाम ती घरी रोज तीन-चारदा करून घ्यायची. दोन वर्षं. आणि त्या दोन वर्षांत पोराला चालू द्यायचं नव्हतं. दोन वर्षांच्या मुलाला चालू न देणं म्हणजे काय, हे आईलाच विचारावं. शेवटी डॉक्टर म्हणाले, हा चालेल, पट्ट्या नकोत. परतताना लाग्रेंजला थांबून तिनं त्याला साधे बूट घेतले.” मास्तरांनी कॅलिपरची बकल उगीच सारखी केली. “साल्कची लस आली १९५५ ला. त्याच्यासाठी अकरा वर्षं उशिरा. माझ्या लहानपणी लस होती, पण आमच्या गावापर्यंत पोचली नव्हती. २०१४ ला भारत पोलिओमुक्त जाहीर झाला तेव्हा मी शाळेत पेढे वाटले होते. तेव्हा त्या केनेडीला आरोग्यमंत्री करायला ५२ विरुद्ध ४८ मतं पडली आणि रिपब्लिकनांमधून विरोधात हा एकटा उभा राहिला, तेव्हा मला बरं वाटलं. तुम्ही काहीही म्हणा.”

बापूनं विजयी मुद्रेनं अण्णाकडे पाहिलं. जणू पोलिओही लुईव्हिललाच झाला होता.

“मास्तर, ते मत शंभर टक्के खरं होतं,” अण्णा म्हणाला. “ते त्यानं मनापासून दिलं, यात मला शंका नाही. हेगसेथ, गॅबर्ड, ट्रम्पच्या या नेमणुकांतही विरोधात गेला. पण ही सगळी मतं नेतेपद सोडल्यानंतरची. केनेडीच्या मतानंतर आठवड्यात ८३ पूर्ण झाली आणि पुन्हा उभं राहणार नाही म्हणून सांगून टाकलं. आणि केनेडीचं नाव कुणी पाठवलं होतं? चार वर्षांपूर्वी ती दहा मतं आणली असती, तर हे मत द्यायची पाळीच आली नसती.”

मास्तर थोडं थांबून म्हणाले, “तुमचं गणित बरोबर आहे. पण पायाचं गणित वेगळं असतं, अण्णा.”

यावर अण्णानं वाद घातला नाही. मला वाटतं तेच योग्य होतं. मास्तरांना जे त्या मतात दिसतं ते मला दिसणार नाही. पण मास्तरही १३ फेब्रुवारी २०२१ चं समर्थन करत नव्हते, हेही तितकंच खरं.

तारीख मनात घोळत होती म्हणून मी मोबाइल काढला. केनेडीचं मतदान झालं २०२५ च्या फेब्रुवारीत. तारीख १३.

“स्कॅलिया गेले १३ फेब्रुवारीला, ट्रम्प सुटला १३ फेब्रुवारीला, केनेडी मंत्री झाला १३ फेब्रुवारीला,” मी वाचून दाखवलं.

“शनी!” बापू ओरडला. “मी म्हणत नव्हतो? त्या माणसाची कुंडलीच बघायला हवी होती. आमच्या शेजारच्या बाईंना जन्मवेळ मिळवता येईल का विचारतो.”

“लुईव्हिलच्या?”

“नाही हो, त्या साताऱ्याच्या. सुनेकडे आल्यात.”

“शाळा, कॉलेज, वकिली, सगळं शिकून शेवटी शनी!” नीलाताईंनी कपाळाला हात लावला. “म्हणजे त्यानं केलं त्याला तो जबाबदार नाही, ग्रहच जबाबदार. बापू, तू तर त्याच्याही पुढचा वकील निघालास.”

चहावाला पोऱ्या ग्लास गोळा करत पैशांसाठी उभा होता. कालचे अण्णानं दिले होते, परवाचे मास्तरांनी. सगळ्यांच्या नजरा एकाच ठिकाणी वळल्या.

बापूनं खिसा चाचपला, इकडे तिकडे पाहिलं. “सुट्टे नाहीत रे.”

“घाई नाही,” अण्णा शांतपणे म्हणाला. “निवडणूक तोंडावर आहे. नवीन समिती ठरवेल.”

मास्तर इतके हसले की त्यांना ठसका लागला. बापूनं पाचशेची नोट काढून पोऱ्याच्या हातावर आपटली आणि वर बजावलं, “आमच्या केंटकीत टिपही देतात, ठेव दहा रुपये.”