लेक्कीची रिफायनरी आणि आमचा सडा

गेल्या महिन्यात राजापूरहून मावसभावाने एक फोटो पाठवला. नायजेरियात लागोसजवळच्या लेक्कीच्या किनाऱ्यावरची उद्योगपती अलिको दांगोटेंची रिफायनरी, रात्रीच्या दिव्यांनी उजळलेली. खाली त्याचे शब्द: "दादा, तिकडे एका माणसाने स्वतःच्या हिमतीवर एवढं उभं केलं, आणि आपण बारसूच्या सड्यावर आडवे पडलो." बारसू आमच्या राजापूर तालुक्यातलं गाव; तिथल्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या उघड्या पठारावर, रिफायनरी येणार होती आणि गावकऱ्यांनी तिला विरोध केला.

मी १४ वर्षं लागोसमध्ये राहतो. रत्नागिरी जिल्ह्यात पोटापुरतं काम मिळालं नाही म्हणून इथे आलो, त्यामुळे त्याचा राग मला कळतो. पण दांगोटेंची गोष्ट गावाकडे ज्या रूपात पोचली आहे, ती अर्धीच आहे.

आधी आदराचं बोलतो, कारण तो खरा आहे. नायजेरियात ओलोइबिरी गावाजवळ १९५६ मध्ये तेल सापडलं. पोर्ट हारकोर्ट, वारी आणि कादुना इथल्या सरकारी रिफायनऱ्या मात्र वर्षानुवर्षं जवळजवळ बंदच राहिल्या. कच्चं तेल जहाजाने बाहेर जायचं आणि पेट्रोल जहाजाने परत यायचं. टंचाईच्या दिवसांत मी पहाटे चारला पंपावर रांग लावली आहे आणि रस्त्याकडेच्या पोराकडून जेरीकॅनमधलं पेट्रोल दुप्पट भावाने घेतलं आहे. वीज गेली की इथे अजून "नेपाने लाईट नेली" म्हणतात. नेपा हे वीजमंडळ कधीच इतिहासजमा झालं, वीज जाणं तेवढं राहिलं. मग जनरेटर, म्हणजे पुन्हा पेट्रोल किंवा डिझेल. अशा देशात दिवसाला साडेसहा लाख बॅरल तेल शुद्ध करणारा कारखाना उभा राहणं ही लहान गोष्ट नाही. त्याच्या आराखड्यात आणि उभारणीत आपल्या इंजिनियर्स इंडिया या सरकारी कंपनीचा मोठा वाटा आहे, हजारो भारतीय कामगार तिथे राबले आहेत, आणि दांगोटेंचे जुने सहकारी देवकुमार एडविन भारतातलेच.

आता "स्वतःच्या हिमतीवर" या शब्दांकडे येतो. अलिको दांगोटे १९५७ मध्ये कानो शहरात जन्मले. त्यांच्या आईचे आजोबा अल्हसन दांताता भुईमूग आणि कोला नटच्या व्यापारात पश्चिम आफ्रिकेतले सर्वांत श्रीमंत गृहस्थ मानले जात. शाळेत असताना अलिको गोळ्यांचे खोके घेऊन त्या विकायचे, हे खरं. पण १९७७ मध्ये धंदा सुरू करताना त्यांच्या हातात आजोळकडून कर्जाऊ मिळालेले पाच लाख नायरा (नायरा हे इथलं चलन) होते. पुढे सिमेंट, साखर, तांदूळ यांची आयात केली. आयातीचा धंदा परवान्यावर चालतो आणि परवाना सरकारच्या हातात असतो.

खरं वळण १९९९ नंतरचं. ओबासान्जो राष्ट्राध्यक्ष झाले आणि धोरण आलं: देशात कारखाना बांधायला घेईल त्यालाच सिमेंट आयात करता येईल. दांगोटेंनी कोगी राज्यात ओबाजानाचा अवाढव्य कारखाना बांधला. जोडीला करसवलत मिळाली, बाहेरच्या मालावर बंधनं आली. याला मी लबाडी म्हणणार नाही. आयात करणाऱ्याला कारखानदार बनवणारं ते धोरण होतं, आणि सवलत घेऊन कारखाना न बांधणारे पुष्कळ असताना या माणसाने तो खरोखर बांधला. पण घर बांधणाऱ्याला सिमेंट महाग पडतं ही तक्रार मी इथे आल्यापासून ऐकतो आहे, आणि तीही याच धोरणाची बाजू आहे.

रिफायनरीचंही तसंच. घोषणा २०१३ ची. जागा आधी ओगुन राज्यात ठरली, मग लेक्कीला हलली. खर्च वाढत वाढत २० अब्ज डॉलरच्या घरात गेला. उद्‌घाटन मे २०२३ मध्ये, डिझेल जानेवारी २०२४ मध्ये, पेट्रोल त्याच वर्षी सप्टेंबरात. दरम्यान सरकारने इंधनावरचं अनुदान काढलं होतं आणि नायरा घसरला होता. दोनशे नायरांच्या आत मिळणारं लिटरभर पेट्रोल २०२४ संपताना हजारावर गेलं. आमच्या ऑफिसचा शिपाई दोन बसऐवजी एक बस आणि उरलेली वाट पायी, असा येऊ लागला. कारखाना दारात आला म्हणजे स्वस्ताई येते, असं मी घरी कुणाला सांगू शकत नाही. २०२५ च्या सप्टेंबरात तिथून ८०० हून अधिक कामगारांना काढलं, तेलक्षेत्रातल्या संघटनेने संप पुकारला, आणि एका मालकाच्या भांडणाने सगळा देश धास्तावला. मला खरी भीती वाटते ती याची.

आणि लेक्कीचा तो किनारा काही रिकामा नव्हता. इबेजू-लेक्कीत मासेमारी करणारी, नारळ आणि कसावा लावणारी गावं होती. जमिनी गेल्या. मोबदला पोचला नाही किंवा पुरला नाही, हे तिथली माणसं आजही सांगतात. मावसभावाच्या फोटोत ती माणसं येत नाहीत.

बारसूचं म्हणायचं तर आपली गरज लेक्कीसारखी नव्हती. नायजेरियाकडे पेट्रोल नव्हतं. भारत शुद्ध केलेलं इंधन परदेशी विकतो. कोकणात ठरलेला प्रकल्प वर्षाला सहा कोटी टनांचा होता, लेक्कीच्या जवळजवळ दुप्पट. आधी नाणार गावात ठरलेल्या जागेची अधिसूचना २०१९ मध्ये रद्द झाली, मग बारसूचं नाव आलं. एप्रिल २०२३ मध्ये माती परीक्षणासाठी यंत्रं आली तेव्हा बायका उन्हात सड्यावर बसल्या, नंतर लाठ्या चालल्या. त्या आडव्या पडल्या नव्हत्या रे, त्या विचारत होत्या. आम्हाला आधी का सांगितलं नाही? प्रकल्प जाहीर होण्याआधी जमिनी बाहेरच्यांच्या नावावर कशा झाल्या? आंब्याचं, मासळीचं काय होणार?

मी रिफायनरीच्या विरोधात नाही, आणि "कोकणात काहीच नको" म्हणणाऱ्यांशीही माझं जमत नाही. त्यांच्यातल्या बहुतेकांची मुलं मुंबई-पुण्याला आहेत, मी त्याहून लांब. गावात काम हवंच. पण ग्रामसभेसमोर कागद उघडे ठेवायला काय खर्च येणार होता? दांगोटेंना वीस अब्ज डॉलर लागले; याला एक दुपार लागली असती.

मावसभावाला एवढं सगळं लिहून पाठवलं. त्याचं उत्तर अजून नाही. मे महिन्यात मी घरी जातोय. तेव्हा त्याच्या मुलांना घेऊन सड्यावर जायचं ठरवलं आहे. युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेलेली तिथली कातळशिल्पं त्या पोरांनी अजून पाहिलेली नाहीत.