स्टॅक कसा उधळावा

इंदूरच्या विजयनगर भागात एखाद्या काचेच्या इमारतीत बसून आपण सी भाषेत प्रोग्रॅम लिहीत असाल, तर स्टॅकची, म्हणजे चालू फंक्शनांची स्थानिक व्हेरिएबल्स जिथे राहतात त्या मेमरीची, चिंता आधी सोडून द्यावी. टर्मिनलवर ‘यूलिमिट -एस’ या कमांडने स्टॅकची मर्यादा विचारली की लिनक्स बहुधा 8192 किलोबाइट, म्हणजे 8 मेगाबाइट सांगतो. ही केवळ कमाल मर्यादा आहे, हाती पडलेली मेमरी नव्हे, असल्या बारकाव्यात सुज्ञांनी शिरू नये.

मेमरी वाटणाऱ्या कर्नलचा, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचा, स्वभाव जुन्या इंदुरी यजमानाचा आहे. तो सगळे एकदम वाढत नाही, पण आधीचे संपताच पुढचा डाव वाढतो आणि वाढलेले परत उचलत नाही. स्टॅक खालच्या पत्त्यांकडे सरकत नव्या पत्त्याला स्पर्श करतो, तिथे अजून मेमरी नसल्याने पेज फॉल्ट नावाची हाक कर्नलला जाते, पत्ता मर्यादेत आहे असे पाहून कर्नल 4 किलोबाइटचे आणखी एक पेज, म्हणजे मेमरीचा तुकडा, देतो. आणि फंक्शन परतले तरी ते पेज सहसा प्रोसेसच्याच, म्हणजे चालू प्रोग्रॅमच्याच, नावावर राहते. म्हणून महिनोन्‌महिने चालणाऱ्या सर्व्हरमध्ये सुरुवातीलाच एकदा खोल रिकर्शन करून, म्हणजे फंक्शनला स्वतःलाच पुन्हा पुन्हा हाक मारायला लावून, घ्यावे, म्हणजे काही मेगाबाइट कायमचे अडकून पडतील.

स्टॅक वाढत शेजारच्या मेमरीत घुसू नये म्हणून मुख्य स्टॅकखाली कर्नल मोकळी जागा राखतो. 2017 मध्ये ही जागा ओलांडता येण्याची ‘स्टॅक क्लॅश’ नावाची त्रुटी उघडकीस आल्यावर ती एका पेजवरून 256 पेजेस, म्हणजे 1 मेगाबाइट करण्यात आली. या अतिसावधपणाला कंटाळला असाल, तर थ्रेड, म्हणजे एकाच प्रोसेसमध्ये समांतर चालणारे धागे, वापरावेत. त्यांचे स्टॅक आपोआप वाढत नाहीत आणि ग्लिबसी ही लिनक्सवरची सी लायब्ररी त्यांच्याखाली सहसा एकच गार्ड पेज, म्हणजे स्पर्श होताच प्रोग्रॅम थांबवणारे कुंपण, ठेवते; तेव्हा काही पेजेसचा स्थानिक अ‍ॅरे घेऊन थेट त्याच्या खालच्या टोकाला लिहिले, की कुंपणाला धक्का न लागता शेजारच्या थ्रेडचे व्हेरिएबल बदलता येते. टेस्टमध्ये हे सहसा दिसत नाही. कोड चढवून निश्चिंतपणे सराफा बाजारात गराडू, म्हणजे तळलेला कंद, खायला निघावे. प्रोग्रॅम कोसळून त्याच्या मेमरीची नोंद, म्हणजे कोअर डम्प, निघालाच, तर तो बिचाऱ्या शेजाऱ्याच्या नावाने निघतो.

सेगमेंटेशन फॉल्ट, म्हणजे नको त्या मेमरीला हात लावल्याचा इशारा, पकडून ‘स्टॅक संपला’ असा सभ्य संदेश छापण्याची हौस असल्यास त्यासाठी हँडलर फंक्शन अवश्य लिहावे, मात्र ‘सिगऑल्टस्टॅक’ या कॉलने त्याला वेगळा स्टॅक देऊ नये. हँडलरची फ्रेम, म्हणजे त्याला स्टॅकवर लागणारी जागा, कर्नल त्याच संपलेल्या स्टॅकवर मांडू पाहतो, ते जमत नाही आणि प्रोसेस आपला संदेश पोटात घेऊनच मरते.

एवढ्यानेही समाधान झाले नाही तर ड्रायव्हर, म्हणजे कर्नलच्या आत राहून एखादे उपकरण चालवणारा कोड, लिहायला घ्यावा. एक्स86-64 जातीच्या प्रोसेसरवर कर्नलचा स्वतःचा स्टॅक प्रत्येक थ्रेडमागे साधारण 16 किलोबाइटचा असतो आणि तो वाढत नाही, त्यामुळे तेथे 20 किलोबाइटचा स्थानिक बफर शोभून दिसतो. पूर्वी अशा वेळी शेजारची मेमरी गुपचूप बिघडत असे. 2016 च्या लिनक्स 4.9 आवृत्तीत आलेल्या सोयीमुळे त्या स्टॅकखालीही गार्ड पेज आले आणि आता कर्नल जागीच कोसळून लॉगमध्ये फंक्शनचे नाव छापतो. म्हणून फंक्शनच्या नावात सहकाऱ्याची आद्याक्षरे घालावीत.